हनुवटीला काय झालंय?

मला बघायला कुणी येणार म्हटलं की आईचं लक्ष आधी माझ्या हनुवटीकडे जायचं. हार्मोन्सच्या त्रासामुळे मला तिथे दाट केस यायचे. दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. कॉलेज रोडच्या एका दवाखान्यात मी नुकतंच केस काढायचं लेझर सुरू केलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "दोन वेळांच्या मधल्या काळात केस उपटायचे नाहीत, दोरा फिरवायचा नाही. फक्त रेझर चालेल."

त्या रविवारी दुपारी येणारी पंचवटीची मंडळी सकाळीच दारात आली. रेझर फिरवायलाही वेळ मिळाला नाही.

पोहे घेताना मुलाच्या आई माझ्याकडे बघतच राहिल्या. "हनुवटीला काय झालंय गं?"

"उन्हाचं पुरळ आलंय," आई घाईने म्हणाली.

मी मात्र खरं सांगून टाकलं. "पुरळ नाही, केस आहेत. हार्मोन्समुळे येतात. लेझर चालू आहे."

मुलगा बशीतले पोहे चिवडत राहिला. शेवटी "कळवतो" म्हणून मंडळी उठली. मुलाची धाकटी बहीण मात्र चपला घालता घालता मागे रेंगाळली. ओढणी हनुवटीपर्यंत वर धरून तिने हळूच विचारलं, "खूप दुखतं का?"

"रबर ताणून सोडल्यासारखा चटका बसतो," मी म्हटलं.

आठवड्याने नकार आला. त्याच संध्याकाळी त्या धाकट्या बहिणीचा फोन आला.

"तुझी लेझरची पुढची तारीख कधी आहे? मी येऊ का बरोबर?"