तोंडभर पोहे

बाबा : तुझा घाव, मग माझा. माझा, मग तुझा. मध्येच पुस्तक आठवलं का?

रुमदुल : तुमचंच मुसळ आज उशिरा पडतंय, बाबा.

बाबा : माझं? तुझी आई हात न थांबवता भांडायची माझ्याशी. एक घाव चुकला नाही.

रुमदुल : आणि जिंकायची.

बाबा : जिंकायची. हाण, भाजलेलं भात गरम आहे तोवर. गार झालं की पोहे जाडेभरडे होतात.

रुमदुल : बास आता. ते सूप द्या, पाखडते. बघा, कसे पातळ आलेत!

बाबा : आ कर.

रुमदुल : उद्याचं उद्या. अजून पौर्णिमा नाही, चंद्राला नैवेद्य नाही...

बाबा : चव बघायला चंद्र कशाला? आ कर. हं. बोल आता, काय हवं तुला?

रुमदुल : मं... ऊं... आऊं...

बाबा : पाऊस! दर वर्षी पाऊस. अगं, नदीच्या नऊ तोंडांपाशी राहून पाऊस कसला मागतेस?

रुमदुल : तोंडात कोंबून विचारता, आणि हवं ते ऐकता.

बाबा : रीतच आहे ती. पोराचं तोंड भरायचं, पाठ थोपटायची आणि विचारायचं.

रुमदुल : पोराचं! मी एकोणचाळीसची आहे. विहारातल्या रांगेतली बाकीची पोरं माझ्या कमरेला लागतात.

बाबा : मी आहे तोवर बसायचं. पण उद्या नीट माग. शहर माग.

रुमदुल : झालं सुरू.

बाबा : ग्रंथालयातली नोकरी टाकून चिखलात आलीस. आई गेली, म्हातारा एकटा पडला, म्हणून. सात वर्षं झाली. सोक परवा विहारात सगळ्यांदेखत म्हणाला, सारूत, पोरीचं नशीब उखळात घातलंस.

रुमदुल : सोककाका तिथले आचार्य आहेत ना? त्यांनी मंत्र म्हणावेत.

बाबा : खरं सांग. माझ्यापायी अडकलीस ना?

रुमदुल : बाबा, बदकं! पोह्यात शिरली बघा!

बाबा : हुश्श! हो तिकडं! मेली, नैवेद्याआधी हीच जेवणार. उत्तर राहिलं हं तुझं.

रुमदुल : उद्या सांगते. तोंडभर पोहे घेऊन.

(पुढच्या वर्षीची कार्तिक पौर्णिमा. विहाराच्या अंगणात चंद्र नुकताच वर आलेला.)

सोककाका : पुढचं कोण? रुमदुल, खांबाआड काय उभी? ये, बस.

रुमदुल : माझं बसणं संपलं, काका. भरवणारा गेला.

सोककाका : गेल्या वर्षी याच दिवशी सकाळी सारूत उठलाच नाही. तुझा तेव्हाचा घासही राहिला. सरका रे पोरांनो, आजीला जागा द्या.

रुमदुल : आजी कुणाला म्हणता!

सोककाका : अस्सं, हसलीस. पोहे तूच कांडलेस?

रुमदुल : मी आणि शेजारच्या सारिनमावशी. दर चौथ्या घावाला त्यांचं मुसळ माझ्या मुसळावर आदळायचं. हसता हसता निम्मं भात गार झालं.

सोककाका : तरीच जाड आलेत. आ कर. मोठा. बोल, काय हवं?

रुमदुल : मं... ऊं...

सोककाका : पाऊस?

रुमदुल : ऊंहूं.

सोककाका : सारूतला कळायचं बघ तुझं. मला नाही कळत.

रुमदुल : त्यांनाही नाही कळलं. थांबा, गिळू दे.

सोककाका : रीत मोडते, पोरी.

रुमदुल : एक दिवस मोडू दे.

सोककाका : बरं. मग माझ्याकडं नको बघूस. भरवायला माझा नुसता हात. तिकडं वर बघ आणि बोल.

रुमदुल : पोरं हसतील.

सोककाका : हसू दे. सारूतलाही हसायलाच आवडायचं.

रुमदुल : बाबा, मी तुमच्यापायी नव्हते आले. मला इथं आवडतं. चिखलसुद्धा.