रविवारचा झगा

पाळक : ...आणि कॉलरची धार तर अगदी तुझ्या आईच्या हातची! बायका मुद्दाम विचारतात, माझ्या उपासनेच्या झग्याला आता इस्त्री कोण करतं म्हणून. मी सांगतो, लेकीनं आईची सेवा पुढे चालवली आहे.

मुलगी : कुणी, मी? पाळकसाहेब, मी तुमच्या झग्याला बोटही लावलेलं नाही. शनिवारी तुम्ही या टेबलावर टाकून जाता. पुढचं मावशी बघते.

मावशी : मी कुठली गं? माझा खांदा ताई जायच्या आधीच निकामी झाला. मला वाटायचं तूच उठतेस पहाटे. भिंतीपलीकडून आवाज येतो ना... आधी पाणी शिंपडल्याचा, मग इस्त्री टेकवल्याचा.

मुलगी : कुठली इस्त्री? आईला पुरून आलो त्याच संध्याकाळी मी इस्त्रीची वायर कापली. ती बघ फळीवर.

पाळक : थट्टा पुरे. दर रविवारी सकाळी मी तुमच्या दाराच्या खुंटीवरून तयार झगा नेतो.

मावशी : खुंटीला मी नाही लावत.

मुलगी : मीही नाही.

पाळक : ...गेल्या रविवारी तो उबदार होता. थंडी होती बाहेर. मला बरं वाटलं.

मुलगी : तुम्हाला बरं वाटलं! हे कळलं असतं तर आई कृतार्थ होऊन पुन्हा मेली असती.

मावशी : पोरी, जीभ आवर.

मुलगी : इतकी वर्षं आवरलीच होती. पाळकसाहेब, आई याच टेबलावर वाकलेली असताना गेली, रविवारी पहाटे, तुमच्या झग्याच्या डाव्या बाहीवर. आणि तिच्या कबरीपाशी तुम्ही बोललात कशावर, तर विसाव्यावर. मी प्राचीन भाषा शिकवते. शब्बाथाची, विसाव्याच्या दिवसाची आज्ञा मुळातून वाचली आहे. तीत दासीला विसावा आहे, परक्याला आहे, गाढवालासुद्धा आहे. आज्ञा देणाऱ्याची नजर गोठ्यापर्यंत पोहोचली. तुमची या खोलीपर्यंत पोहोचली नाही.

पाळक : तिनं ते प्रेमानं केलं. सेवा म्हणजे श्रम नव्हेत.

मुलगी : दुसऱ्याच्या पाठीनं होते तेव्हा नव्हेतच.

मावशी : साहेब, एकदा ताईनं शनिवारीच इस्त्री करून पाठवली होती. म्हणाली, उद्या मीही सगळ्यांसारखी उपासनेला लवकर जाऊन बसेन. तुम्ही रविवारी पहाटे झगा परत पाठवलात. बाहीची घडी रात्रीतून मोडली म्हणून.

पाळक : मला आठवत नाही.

मावशी : तिला आठवतंय.

पाळक : ...आपण प्रार्थना करू या.

मुलगी : प्रार्थना आईही करायची, उभ्यानं, हात कामात ठेवून. झगा उचला. असाच, चुरगळलेला. उद्या हाच घालून वेदीपुढे उभे राहा.

पाळक : उद्या बिशपसाहेब येणार आहेत!

मुलगी : मग तर फारच उत्तम. त्यांनाही एकदा शब्बाथ पाहायला मिळेल.

पाळक : लोक हसतील.

मावशी : हसू द्या. हसून कुणी मरत नाही. तुम्ही झगा इथे ठेवून गेलात की पहाटे ती उठणार. मी कान झाकून पडते, साहेब, पण ऐकू येतंच. कबरीतही बाईला रविवार मिळू नये?

पाळक : ...द्या इकडे.

मावशी : आमच्याकडून गुपचूप नेऊ नका. तिला सांगून न्या.

पाळक : कुठे बघून सांगू?

मावशी : टेबलाकडे. तिथून हलली कधी ती?

पाळक : बाई... झगा मी नेतोय. घडी नसली तरी चालेल मला. तेव्हाही चालायला हवं होतं. उद्या... उद्या उठू नका.

मावशी : पोरी, आतली खुर्ची आण. या खोलीत कधी खुर्चीच नव्हती.

(मुलगी खुर्ची आणून टेबलापाशी ठेवते.)

पाळक : जरा टेकतो.

मुलगी : तिथे नको, पाळकसाहेब. ती आत्ता कुठे बसली आहे.