सगुण पाणबुड्याचं घड्याळ

तर मंडळी, हात जोडून झाले, आता कान इकडे द्या. मागे भिंतीला टेकून बसलात ना, तुम्हीसुद्धा! आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. जपणं म्हणजे काय? एखादी चीज आम्ही जपतो, असं म्हणतो — म्हणजे नक्की काय करतो? लगेच माना डोलवू नका. आधी गोष्ट ऐका.

मालवणच्या किनाऱ्यावर सगुण खोबरेकर नावाचा पाणबुड्या होता. पाणबुड्या म्हणजे चष्मा लावून रंगीत मासे बघणारा नव्हे हो! बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं, नांगर तळाशी राहिला, कोणाचा लेक बुडाला — की सगुणला हाक. पाठीवर हवेची टाकी, जोडीला धाकटा भाऊ वसू. टाकीत हवा मोजकी. आणि वेळ? वेळ मनात मोजायचा! गरिबाला कुठलं आलंय पाण्यात चालणारं घड्याळ? एका दुपारी परदेशी बोटीच्या पंख्याखाली वसूचा अंदाज चुकला. त्याचा देह वर आणला तो सगुणनेच.

त्या बोटीवरचा इंजिनियर ढसाढसा रडला. त्यानं आपल्या मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि सगुणच्या हातावर बांधलं. काळी तबकडी, भोवती फिरणारी कडी. उतरताना कडीवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची, म्हणजे किती मिनिटं झाली ते खालच्या अंधारातही कळतं. त्या दिवसापासून सगुण रोज सकाळी आंघोळ करून देवापुढे दिवा लावी, आणि लगेच घड्याळाला चावी देई. बायको म्हणायची, तुमचे देव दोन आहेत. तो नुसता हसायचा. ती टिकटिक त्याला वसूचा श्वास वाटायची, मंडळी! चाळीस वर्षांत दोनदाच थांबली, सावंतवाडीच्या दुकानात तेलपाण्यासाठी. दोन्ही वेळा हा बाबा दुकानाच्या बाकावर बसून राहिला, जेवायलासुद्धा उठला नाही.

बरं, घड्याळ काही नामांकित कंपनीचं नव्हे. शौकीन लोक धावायचे मोठ्या नावांमागे. हे कोण बघतो? मग कुठेतरी परदेशात कोणीतरी लिहिलं — अरे, हे तर राहूनच गेलं की आपल्या नजरेतून! हे कष्टकऱ्यांनी वापरलं, झिजवलं, म्हणून आता शोधून सापडत नाही. झालं! जो तो त्याच्या मागे. आणि खरं सांगतो, त्यांचं सगळंच खोटं नव्हतं. उन्हानं, खाऱ्या वाऱ्यानं ती काळी तबकडी विटून तपकिरी झालेली. अंधारात चमकणारे ठिपके जुन्या तुपासारखे पिवळे पडलेले. कडीवर खडकाचे ओरखडे. ते रूप कारखान्यात होत नाही, ते जगूनच येतं. हे ओळखायला डोळा लागतो, आणि तो त्यांच्याकडे होता, एवढं श्रेय मी देतो. पुढचं मात्र ऐका!

पुण्याचे केदार सबनीस, जुन्या घड्याळांच्या संग्राहक मंडळाचे कार्यवाह, विचारत विचारत सगुणच्या दारात आले. सगुण तेव्हा ऐंशीला टेकलेला. विकायचं नाही म्हणाला. सबनीस म्हणाले, विकू नका काका, आमच्या प्रदर्शनाला आठ दिवस द्या, लोकांना बघू द्या. सगुणला वाटलं, वसूचं नाव चार लोकांत होईल. त्यानं घड्याळ सोडून दिलं आणि एकच अट घातली.

"सकाळी चावी देवक इसरू नकात, साहेबानू. ह्या कधी थांबता नये."

सबनीसांनी घड्याळ कपाळाला लावलं. म्हणाले, "काका, माझा शब्द."

शब्द! ऐकलंत ना?

चौथ्या दिवशी म्हाताऱ्याला राहवेना. लेकीला, मंदाला, घेऊन एसटीनं पुण्याला गेला. हॉलच्या दारात तिकीट काढायला लावलं — हो, ज्याचं घड्याळ बघायला गर्दी जमली, त्यालाच तिकीट! आत काचेच्या पेटीत, मखमलीवर, दिव्याखाली त्याचं घड्याळ. भोवती लोक. एक जण ओरखड्यांचं कौतुक करत होता, जणू ते सोनारानं कोरलेत. सगुण पुढे झाला, काचेला कान लावला. काही नाही. काटे बघितले. दहा वाजून दहा मिनिटं. दुपार झालेली, आणि दहा वाजून दहा मिनिटं! शेजारचं घड्याळ बघितलं, तेही दहा-दहा. त्याच्या शेजारचं, तेही. हॉलभर मांडलेली तीनशे घड्याळं, सगळी दहा वाजून दहा मिनिटांवर मेलेली!

का? तर म्हणे तशी पद्धत आहे. काटे वर असले की घड्याळ प्रसन्न दिसतं, आणि कंपनीचं नाव झाकलं जात नाही. अहो, मढ्याच्या गालाला पावडर लावली म्हणून ते प्रसन्न होतं का?

सगुण तडक वळला. त्यानं सबनीसांना गाठून विचारलं, बंद का आहे? सबनीस समजुतीच्या सुरात बोलले, की चालवलं तर आतली चाकं झिजतात, आम्ही कोणीच चालवत नाही, आम्ही जपतो. सगुण म्हणाला, पेटी उघडा. तर पांढरे हातमोजे घातलेला एक गृहस्थ आडवा आला. हात लावू नका आजोबा, हाताला घाम असतो!

घाम! ज्या हाताच्या घामानं आणि दर्याच्या मिठानं त्या तबकडीला तो रंग आला, त्या हाताचा विटाळ? माझं डोकं फिरतं, मंडळी, हे सांगताना. ओरखडे हवेत, ओरखडे सोसणारा नको!

सबनीसांनी तिथंच मोठी रक्कम सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंदाला वाटलं, आता बाबा रडणार. पण सगुण मुळीच रडला नाही. ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "तुम्ही माका शब्द दिल्लात. घड्याळ माझ्या हातात द्या."

सबनीसांची मान खाली गेली. त्यांनीच पेटी उघडली. सगुणनं चावी दिली, अगदी हळू, लहान मुलाला घास भरवावा तशी. घड्याळ चालू झालं. आता काटे बरोबर लावायचे. त्यानं हॉलभर नजर फिरवली.

"आता खरो टायम कितको झालो? कोणी सांगशात?"

आणि काय सांगू! जो तो मनगटाकडे बघतोय. प्रत्येकाच्या हातावर लाखमोलाचं घड्याळ, समारंभापुरतं बांधलेलं. एक बंद, एक पाच तास मागे, एकाची तारीख कालचीच. तीनशे घड्याळं काचेत, शंभर हातांवर, आणि वेळ सांगणारं एक नाही! शेवटी हातमोजेवाल्यानं खिशातून मोबाईल काढला आणि पुटपुटला, दोन वीस. सगुणनं काटे लावले, घड्याळ हातावर बांधलं, मंदाचा हात धरला आणि बाहेर पडला. कोणी अडवलं नाही.

हसलात? हसा. पुण्याच्या लोकांना हसायला आपल्याला फार आवडतं. पण आता इकडे बघा, या सभामंडपात. तो गजाआडचा नगारा कोणाचा? तुमच्या पणज्यांनी वर्गणी काढून आणलेला. पाच वर्षं झाली, कुलूप! का? तर पुरातन आहे, चामडं फाटेल. आणि आरतीला काय वाजतं? भिंतीवरचं विजेचं मशीन! लाईट गेली की देवाची आरती मुकी. अध्यक्ष, खाली बघू नका, मी तुमच्याशीच बोलतोय. आम्ही जपतो, असंच म्हणता ना तुम्ही?

चामडं फाटलं तर पुन्हा चढवता येतं हो. वाजवणारे गेले की ते कुठून आणणार? गणपत गुरव, तुम्ही लहानपणी वाजवायचात, हात अजून चालतात ना? मग उठा. आरतीची वेळ झाली आहे. कोणीतरी त्या मशीनची पिन काढा. आणि अध्यक्ष, किल्ली द्या.