आई, काकी आणि टाचांचा व्यायाम

आमच्या आईचा आणि काकीचा अबोला सहा वर्षांचा, बरं का! कारण काय, तर एका बारशाचं आमंत्रण. दोघी सख्ख्या जावा, कामथडीत शेजारी घरं, पण एकमेकींकडं बघत नव्हत्या. संधिवातानं पाय मात्र दोघींचे सारखेच सुजायचे.

परवा आईला नसरापूरला दवाखान्यात नेलं, तर बाकावर काकी बसलेली. डॉक्टरीणबाई नव्या, त्यांना काय ठाऊक! दुखणं एकच म्हणून त्यांनी दोघींना एकदमच आत घेतलं. म्हणाल्या, "एकमेकींचे खांदे धरा आणि टाचा सावकाश वर उचला."

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. मी छताकडं बघितलं. शेवटी धरले एकदाचे खांदे. तिसऱ्या वेळेला आईचा तोल गेला, तशी काकीनं तिला घट्ट मिठीच मारली.

"अवं आक्का, पडाल की!"

"तू हायेस न्हवं धरायला," आई म्हणाली आणि दोघी अशा हसल्या, की बाहेरचे पेशंट आत डोकावायला लागले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरी रोज दोनदा करा. भिंत धरली तरी चालेल."

काकी म्हणाली, "भिंत कशाला? माजी जाऊ हाय की!"