मुंगीच्या नावाचा दवाखाना

समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या महाविद्यालयाचे अधिष्ठाता, व्यासपीठावरचे वैद्यक परिषदेचे प्रतिनिधी, माझे सहकारी, परिचारिका भगिनी आणि बंधू, पहिल्या रांगेत बसलेल्या आजच्या सत्कारमूर्तीच्या मातोश्री, आणि ज्यांच्या नावाआधी ‘डॉक्टर’ लागून अजून शाईही वाळलेली नाही अशा माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो, सर्वांना नमस्कार.

थोडक्यात बोला, अशी ताकीद मला मिळाली आहे. राउंडला अख्खी सकाळ लावणाऱ्या बाईकडून ही अपेक्षा जरा जास्तच आहे, तरी प्रयत्न करते.

आज आपण जिला निरोप देतो आहोत, तिला आमचा मेडिसिन वॉर्ड ‘मुंगी’ म्हणतो. अंगाने बारीक, आणि धरलेलं काम सुटत नाही म्हणून. पुढच्या शिक्षणासाठी ती दुसऱ्या शहरात निघाली आहे. तिच्या हुशारीबद्दल बाकीचे बोलतीलच. मी मात्र तिच्यावर गुदरलेला प्रसंग सांगणार आहे. तिला विचारूनच सांगते आहे. उलट तीच म्हणाली, “मॅडम, नवीन मुलांसमोर सांगाच.”

नोंदणी प्रमाणपत्र हातात पडून फार दिवस झाले नव्हते. एका दुपारी तिला फोन आला. परिषदेच्या कार्यालयातून बोलतोय, तुमच्याविरुद्ध तक्रार आली आहे, कागदपत्रांची पडताळणी होईपर्यंत नोंदणी स्थगित राहील. माणूस अत्यंत अदबीने बोलत होता. चौकशी गोपनीय आहे, वरिष्ठांच्या कानावर गेली तर तुमचंच नुकसान होईल, हेही त्याने काळजीने सांगितलं. घाबरलेल्या माणसाला एकटं पाडलं की अर्धं काम झालं, नाही का? मुंगीने पदवी, नोंदणी, ओळखपत्र, फोटो, सहीचा नमुना, सगळं मोबाइलवरून पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी प्रकरण मिटल्याचा निरोप आला. तिने त्या माणसाचे आभारसुद्धा मानले.

पुढे काही महिन्यांनी आमच्या ओपीडीत एक सूनबाई सासऱ्यांना घेऊन आल्या. आजोबांचा चेहरा चंद्रासारखा गोल सुजलेला, साखर भलतीच वाढलेली. सांधेदुखीवर म्हणून त्यांना रोज स्टिरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. मुंगीने आधीची चिठ्ठी मागितली. चिठ्ठीवर तिचंच नाव, तिचाच नोंदणी क्रमांक आणि खाली तिचीच सही.

सूनबाईंनी तिच्या कोटावरचं नाव वाचलं, तिला न्याहाळलं आणि म्हणाल्या, “नाही, तुम्ही नव्हे. त्या डॉक्टरीणबाई चांगल्या उंच आहेत.”

आपल्याला हसू येतं. तिला मात्र तो अदबीचा फोन आठवला. आजोबांना दाखल करून घेतल्यावर ती तडक घरी गेली, कारण माझ्यासमोर यायची तिला लाज वाटत होती. तिच्या आई शिवणकामाचे वर्ग घेतात. त्यांनी हातातली कात्री बाजूला ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, “नाव तुझं आहे ना? मग तोंड त्यांनी लपवायचं.” ताई, मी हे वाक्य तुमचं नाव न सांगता अनेक ठिकाणी वापरलं आहे. क्षमा असावी.

मग ती माझ्याकडे आली. आम्ही पोलिसांत गेलो, परिषदेत गेलो. परिषदेत तिला आधी ती स्वतःच असल्याचा पुरावा द्यावा लागला, कारण तसाच पुरावा दुसऱ्या बाईकडेही होता! प्रतिनिधी साहेब मान डोलावताहेत, म्हणजे आठवतंय.

चिठ्ठीवरचा तो दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, लोखंडी सामानाच्या दुकानावर. बाई स्वतःचं नाव काय सांगते ते बघायला पोलिसांनी मुंगीलाच पाठवलं. साध्या वेशातल्या महिला अधिकारी तिच्या मावशी झाल्या. बाकावर रुग्णांची ही गर्दी. भिंतीवर चौकटीत मुंगीची पदवी, शेजारच्या फोटोत दुसरीच कुणीतरी हसणारी बाई. नंबर आल्यावर दोघी आत गेल्या. बाईने पेन उचलून नाव विचारलं. मुंगीने आपलं पूर्ण नाव सांगितलं.

बाई सहज म्हणाली, “अगं बाई, माझंही हेच.”

“माहीत आहे,” मुंगी म्हणाली. “नोंदणी क्रमांकही माझाच आहे.”

पेन तिथेच थांबलं. मावशींनी आपलं ओळखपत्र टेबलावर ठेवलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण बाहेरचे रुग्ण चिडले, आणि तेही मुंगीवरच. आमच्या डॉक्टरीणबाईंना का नेता? आमचं दुखणं त्यांच्याच गोळ्यांनी थांबलं! मुंगीने त्यांच्याशी वाद घातला नाही. ती दारातल्या स्टुलावर चढली आणि म्हणाली, “रागवा माझ्यावर, पण त्या गोळ्या आज एकदम बंद करू नका. जिवावर बेतेल. त्या हळूहळू उतरवाव्या लागतात. उद्या आमच्या ओपीडीत या, मी तिथेच असेन.” दुसऱ्या दिवशी थोडेच आले. बाकीच्यांना तिने घरोघर जाऊन आणलं.

ती बाई आज कोठडीत आहे. सुजलेले आजोबा सावरले. फोनवरचा तो अदबशीर माणूस मात्र अजून सापडलेला नाही, आणि त्याच्याकडे तुमच्यापैकी कोणाचा नंबर असेल सांगता येत नाही. तेव्हा कुठलीही परिषद फोनवर तक्रारी मिटवत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. तो फोन ठेवून कार्यालयाच्या ठाऊक असलेल्या क्रमांकावर स्वतः विचारा. कागदपत्राची प्रत द्यायचीच झाली तर कोणाला, कशासाठी, ते त्यावर आडवं लिहून द्या. सहीचा फोटो कोणालाही पाठवू नका. आणि फसलातच, तर त्याच दिवशी आमच्याकडे या. आम्ही ओरडू, मग बरोबर येऊ.

मुंगी, तू जाते आहेस त्या विभागाला मी फोन केला होता. तिथल्या प्रमुखांनी विचारलं, ही खरी आहे कशावरून? मी म्हटलं, एखादा रुग्ण तिच्याकडे सोपवा आणि बघा. बाळ, सुखरूप जा.

आपण सर्वांनी इतक्या शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर थोरांनी पोटात घालावं आणि धाकट्यांनी विसरून जावं. धन्यवाद.