थोरलीचा विषय

(संध्याकाळ. टीव्हीवर प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम सुरू आहे. समोर वाळलेल्या कपड्यांचा ढीग आणि त्याच्या दोन बाजूंना दोन जावा घड्या घालत बसल्या आहेत. सासूबाई आरामखुर्चीत, उजव्या डोळ्यावर पट्टी.)

सासूबाई : ...आणि कोटवाल्याचे किती झाले? मघाशी टाळ्या पडल्या त्या कुणाला?

थोरली : त्यालाच. आई, मान वळवू नका. डॉक्टरांनी टीव्ही बघायचा नाही म्हणून बजावलंय.

सासूबाई : बघायचा नाही म्हणाले. ऐकायचा नाही असं कुठे म्हणाले? पट्टी डोळ्याला आहे, कानाला नाही. आणि हा डावा तर काय, असून नसल्यासारखा. म्हणून विचारते. आकडे सांग.

थोरली : कोटवाला एकशेवीस. आपली एकशेदहा. ती चष्मेवाली मुलगी पन्नास.

सासूबाई : म्हणजे दहाच गुणांनी मागे! आणि ही इथे बसून टॉवेलच्या घड्या घालतेय, जसं काही टीव्हीत दुसरीच कुणी उभी आहे. अगं, जिंकलीस की हरलीस, तेवढं सांगून टाक ना.

धाकटी : सही करून दिलीय, आई. कार्यक्रम दाखवून होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही.

सासूबाई : जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिने महिनाभर तोंड शिवून घेतलं! नवऱ्यालासुद्धा नाही सांगितलंस?

धाकटी : त्यांना सांगितलं असतं तर एव्हाना दूधवाल्याला कळलं असतं.

थोरली : हरलीच असणार. जिंकली असती तर चालण्यात दिसलं असतं.

धाकटी : चला, महिन्याभरात ताई पहिल्यांदा माझ्याबद्दल काही बोलल्या. हरलीच असणार तर हरलीच असणार.

थोरली : घड्या घाल.

सासूबाई : घाला, घाला. पूर्वी तुम्ही दोघी घड्या घालायला बसलात की माझे कान किटायचे. एकीने नदी विचारायची, दुसरीने हाड विचारायचं, हरेल तिने मोठं पातेलं घासायचं. आता घरात नुसती भांडी वाजतात.

धाकटी : राहू द्या ना, आई.

सासूबाई : का राहू देऊ? वाटून घेतलं होतं ना सगळं? नद्या, डोंगर, खेळ तुझे. शरीर, औषधं, आकाश हिचं. चाचणीला दोघी गेलात, निवड एकीची झाली. त्यात कुणाचा गुन्हा?

थोरली : कुणाचाच नाही. त्यांनी मला फक्त नाव विचारलं होतं, आई. स्वतःचं नाव. वॉर्डात मी डॉक्टरांनासुद्धा दटावते, आणि त्या कॅमेऱ्यासमोर माझी दातखीळ बसली. उत्तरं तर लांबच राहिली. म्हणून सोडला तो घरातलाही खेळ. खंत नाही मला त्याची.

धाकटी : खंत नसलेल्या माणसाने उशीच्या एकाच अभ्र्याची तीनदा घडी घातली नसती.

सासूबाई : गप्प बसा दोघी! अंतिम फेरी म्हणतोय तो. जोडीचं काय म्हणाला?

थोरली : जो जिंकेल त्याला पुढच्या महिन्यात महाअंतिम फेरीत जागा. तिथे जोडीने खेळायचं, जोडीदार ज्याचा त्याने निवडायचा. दुसऱ्या नंबरला फ्रिज.

सासूबाई : फ्रिज काही वाईट नाही हं. आपला म्हातारा झालाय.

थोरली : आता आधी नुसता विषय दाखवतील. तो बघून आपल्या गुणांतले किती पणाला लावायचे ते लिहून द्यायचं. प्रश्न त्यानंतर. बरोबर आलं तर तेवढे वाढले, चुकलं तर तेवढे गेले. ...अरे देवा.

सासूबाई : काय दाखवलं?

थोरली : मानवी शरीर.

सासूबाई : म्हणजे तुझा!

थोरली : माझाच. आणि हिला त्यातलं ओ की ठो कळत नाही. दुसऱ्या फेरीत यकृत आणि प्लीहा उलटसुलट केलेत हिने, सगळ्या जगासमोर. शून्य लाव गं. काही लावू नकोस!

धाकटी : ताई, लिहून महिना झाला.

थोरली : शून्य लावलं तर ती मुलगी दुप्पट झाली तरी शंभरावरच थांबते. दुसरा नंबर कुठे जात नाही. एवढा हिशेब तरी केला असशील ना?

धाकटी : केला होता. नीट केला होता.

सासूबाई : प्रश्न आला बघ. काय म्हणाला? दुसऱ्या कुठल्याच हाडाशी...

थोरली : दुसऱ्या कुठल्याच हाडाशी सांधा नसलेलं माणसाच्या शरीरातलं हाड कोणतं. कंठिका! कंठिका, घशातलं, जिभेखालचं!

सासूबाई : केवढ्याने ओरडतेस! तुला कोण विचारतंय?

थोरली : कुणी नाही. हिला विचारलंय, आणि हिला येणार नाही.

सासूबाई : टाळ्या नाहीत, काही नाही. काय चाललंय?

थोरली : चष्मेवालीची पाटी उघडली. गुडघ्याची वाटी लिहिलंय तिने. चूक. सगळे पन्नास लावले होते, शून्यावर आली पोर.

सासूबाई : आणि आपली? ...अगं, आपली? बोल की! आता इथे कुठे कॅमेरा आहे?

धाकटी : ताई, आईंना दिसत नाही. वाचून दाखवा ना.

थोरली : कंठिका लिहिलंय.

सासूबाई : बरोबर! टाळ्या ऐकल्या मी!

थोरली : तुला कुठून आलं हे?

धाकटी : तुमच्याकडून. पातेलं घासताना साबणाचा हात गळ्याला लावून दाखवलं होतंत. म्हणालात, हे बिचारं एकटंच असतं, पण हे नसेल तर ना गिळता येत, ना बोलता येत. तुमच्या गळ्याला फेस लागला होता. त्या फेसासकट लक्षात राहिलं.

थोरली : पण पैज तर आधी लावायची होती. किती लावलेस?

धाकटी : उघडताहेत. बघा.

थोरली : एकशेदहा. सगळे? वेड लागलं होतं का तुला? प्रश्न मूत्रपिंडावर आला असता तर?

धाकटी : तर गेले असते सगळे.

सासूबाई : फ्रिजसकट! मग आता आपले किती?

थोरली : दोनशेवीस. पण कोटवाला राहिलाय अजून. त्याचं उत्तर... कंठिका. त्याचंही बरोबर.

सासूबाई : मेलं! संपलं मग.

थोरली : थांबा, त्याने लावले किती ते बघू द्या. शंभराच्या वर लावले असतील तर आपण गेलो. ...पन्नास. आई, पन्नासच लावलेत! एकशेसत्तरच झाले त्याचे! जिंकली! आपली जिंकली!

सासूबाई : हळू, हळू, डोळ्याला धक्का लागेल माझ्या! शहाण्याने पन्नासच कसे लावले?

धाकटी : तो बघा, तेच सांगतोय. बाई शरीरात कच्च्या आहेत, अर्ध्याच्या वर लावणार नाहीत, असं वाटलं म्हणे त्याला.

थोरली : बरोबरच वाटलं. शहाण्या माणसाने लावले नसतेच. तू का लावलेस?

धाकटी : दुसऱ्या नंबरला जोडीदार नेता येत नाही, ताई.

सासूबाई : श्श! टीव्हीत तेच विचारताहेत हिला, जोडीदार कोण म्हणून. काय म्हणालीस गं? माझ्या...

थोरली : "माझ्या थोरल्या जाऊबाई" म्हणाली. मला न विचारता!

धाकटी : विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात.

थोरली : आताही नाहीच म्हणते. नवऱ्याला ने तुझ्या.

धाकटी : त्यांना नेऊन काय करू? तिथे उभी होते ना, तर प्रत्येक प्रश्नाला मान शेजारी वळायची माझी. तुम्ही नव्हता. फार वाईट वाटलं हो मला. शरीर असा विषय दिसला, तेव्हा एवढंच कळलं की तुमचा आहे. तुमच्या विषयावर मी अर्धे कसे लावू?

थोरली : आणि परत दातखीळ बसली तर? तुझं मिळवलेलं सगळं माझ्यापायी जाईल.

धाकटी : नाव तेवढं मी सांगेन तुमचं. उत्तरं मात्र तुम्हीच द्यायची. मघाशी दिलंत तसं, खच्चून.

थोरली : मघाशी समोर कुणी नव्हतं.

सासूबाई : मी नव्हते? कोटवाल्याच्या घरी आपला फ्रिज गेला, तो काय फुकट जाऊ देऊ? ती खुर्ची ओढ इकडे. अशी, माझ्यासमोर. आणि तू गं, कपडे राहू देत, प्रश्न काढ.

थोरली : आई, तुम्ही पण ना... बरं. तो टीव्ही आधी बंद कर गं, मला काही सुचत नाही. हं, बसले. कुठे बघू?

सासूबाई : इकडे, माझ्या डाव्या डोळ्यात. कॅमेऱ्यालासुद्धा एकच असतो. हं, नाव सांगा.