गोदूबाईचं दार

मंडळी, ऐका! साल एकोणीसशे चौसष्ट. आणि सवाल असा, की न्याय होतो कुठं? न्यायाधीशाच्या लेखणीत, की आपल्या उंबऱ्यात? उत्तराची घाई नको! आणि मागं बसलेल्या बायांनो, वाती नंतर वळा!

आपल्याच कासार गल्लीत गोदूबाई राहायची. माझ्या हातात पहिल्या हिरव्या बांगड्या तिनंच भरल्या. काय हात होता — बांगडी कधी चढली कळायचं नाही! एक भाड्याची खोली, नवरा गेलेला, पदरात तरणी लेक चंपा. मालक बळवंतरावांना ती खोली रिकामी हवी होती. गोदूबाई गेली कोर्टात! कोर्टानं मनाई हुकूम दिला — निकालापर्यंत बाईच्या दाराला, कौलांना, नळाला हात लावायचा नाही. मालकाच्या वकिलानं उभं राहून ऐकला. आणि दुसऱ्या सकाळी गोदूबाई नळावरून येऊन बघते तर काय — खोलीचं दारच गायब!

हुकूम पोचवायचा होता दाजी गुरवानं. दाजी कोर्टाचा बेलीफ, साधा माणूस. कागद हातात द्यायचा. घेतला नाही, तर दोन पंचांसमोर दाराला डकवायचा. खळ बायको करून द्यायची, मोरचूद घालून. एकदा चिकटली की चिकटली!

वाटेत गोदूबाईनं गाठलं. "दाजी, आज दार आलं नाही, तर चंपाला घेऊन मी निजू कशी?"

"बाई, माझ्या हातात नुसता कागद आहे."

"मग तो तरी नीट पोचव!"

दाजी दोन पंच घेऊन मालकाच्या ओसरीत उभा राहिला. "बळवंतराव, हुकूम घ्या!"

देवघरातून आवाज — "मी सोवळ्यात आहे! कागदाला शिवणार नाही!"

अर्धा तास गेला. "आटपलं का?"

"अभिषेक चाललाय!"

अहो, त्या दिवशी देवाला सर्दी झाली असेल!

दाजी गोंधळला. देवाचं काम थांबवावं, की सरकारचं? शेवटी खळीचा डबा उघडला. पण मालकाच्या लेकीचं लग्न तोंडावर, दाराला सकाळीच तेलरंग दिलेला — ओला! कागद लावला, घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला! पंच दामू न्हावी म्हणाला, "दाजी, कागदालासुद्धा या घरात राहायचं नाही!"

तेवढ्यात दाजीला कोपऱ्यात भिंतीला टेकलेलं दुसरं दार दिसलं. जुनं, कोरडं. लावला कागद! बसला घट्ट. पंचांनी सह्या केल्या. मग दामू वाकून बघतो — दारावर कुंकवाचे दोन पंजे, खिळ्याला बांगड्यांची दोरी.

"दाजी, हे तर गोदूबाईचं दार!"

"अरे देवा! मग मी हुकूम बजावला कुणावर? मालकावर की भाडेकरणीवर?"

कागद सुटेना. फाडावा, तर कोर्टाचा शिक्का! दाजीनं घाम पुसला आणि घडलं तसं लिहिलं — "मालक सोवळ्यात. मालकाचे दार ओले. हुकूम ओसरीतील दुसऱ्या दारास डकविला. ते दार गोदूबाईचे असल्याचे पंच सांगतात. पुढे काय करावे समजत नाही."

दुपारी कोर्टात न्यायाधीश साहेबांनी अहवाल वाचला, बळवंतरावांना वकिलासकट बोलावलं. "हुकूम माहीत नव्हता म्हणता? वकील तर इथं उभे होते. आणि बाईचं दार तुमच्या ओसरीत चालत आलं?"

वकील छताकडं बघू लागले. उन्हं कलायच्या आत दोन गडी दार घेऊन निघाले, कागदासकट! पुढं दाजी, अजून विचारतोय, "दामू, माझं चुकलं का रे?"

पुढं बळवंतरावांनी कोर्टात माफी मागितली. त्यांच्या लेकीच्या लग्नात चुडा कुणी भरला? गोदूबाईनंच! ती शेवटपर्यंत त्याच खोलीत राहिली. चंपा सांगलीला नांदली, आता पणजी झाली. दाजी गेला, पण आपण न्याय केला हे त्याला मरेपर्यंत उमगलं नाही. आणि ते दार? खोली पाडली तेव्हा देवळाला आलं. ते बघा — सतरंज्यांच्या खोलीला लावलंय! कागदाचा एक कोपरा अजून निघालेला नाही.

आता आरतीला उठा. पण घरी गेल्यावर, सोवळं नेसण्याआधी, आपली ओसरी एकदा बघून घ्या — कुणाचं दार टेकून ठेवलंय का तिथं?